जूनचं गवत, जानेवारीची भूक: कुरण, वैरण आणि आपली जमीन

जून महिना सुरू झालाय. टोरांटोहून ग्वेल्फ, ऑरेंजव्हिल किंवा लिंडसे, कुठल्याही दिशेला तासभर गाडी चालवा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताच्या लांबच लांब ओळी दिसतील. काही शेतांत मोठाले गोल गठ्ठे, तर काही ठिकाणी पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. मुलं त्यांना मार्शमॅलो म्हणतात. आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. आज जरा थांबून बघू, की त्या गठ्ठ्यांत नेमकं काय असतं, ते कसं तयार होतं, आणि ते चुकलं तर काय होतं.

हा विषय घ्यायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या काही कुटुंबांनी शहराबाहेर वीस, तीस, पन्नास एकर जागा घेतली आहे. एक घर, मागे जुना बार्न आणि बाकी सगळं गवत. शेजारचा शेतकरी येतो, "तुमचं गवत मी कापून नेत जाईन" म्हणतो, आणि आपल्याला बरंच वाटतं. फुकटात शेत साफ! माझं काम आयटी सल्लागाराचं, पण हिशेब आणि करार म्हटलं की मंडळी कागद घेऊन येतात. त्या कागदांवर जमिनीची किंमत असते, घराची असते, ट्रॅक्टरचीसुद्धा असते. गवताची नसते. म्हणून आज गवताबद्दल बोलू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीत 'हे' आणि 'स्ट्रॉ' हे दोन वेगळे पदार्थ आहेत. 'हे' म्हणजे पौष्टिक असतानाच कापून वाळवलेलं गवत, ते खायचं. 'स्ट्रॉ' म्हणजे धान्य काढून घेतल्यावर उरलेलं गव्हाचं किंवा ओटचं काड. ते गोठ्यात अंथरायचं. आपल्याला हा फरक चटकन कळत नाही, कारण आपला कडबा दोन्हीच्या मधे बसतो. ज्वारीचं कणीस माणसाला आणि धाट जनावराला, ही आपली रीत. इथे गवत हेच पीक आहे. पेरायचं त्याच्यासाठी, खत घालायचं त्याच्यासाठी, आणि काढणीची वेळ साधायची तीही त्याच्यासाठीच.

दुसरा फरक ऋतूचा. आपल्याकडचं माळरानाचं गवत पावसाचं. मृगात उगवतं, श्रावणात कमरेला लागतं, दसरा-दिवाळीपर्यंत बी धरून पिवळं पडतं. पवन्या, मारवेल, कुसळी ही सगळी उष्ण हवेची गवतं. कॅनडातली टिमथी, ऑर्चर्ड ग्रास, ब्रोम, फेस्क्यू ही थंड हवेची. पंधरा ते पंचवीस अंश तापमानात ती जोमानं वाढतात. मे-जूनमध्ये उसळी, जुलै-ऑगस्टच्या उन्हात मंदी, सप्टेंबरमध्ये पुन्हा थोडी चलती, असा त्यांचा आलेख. टिमथी हे नाव एका माणसाचं आहे: अठराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये या गवताचा प्रसार करणारा शेतकरी टिमथी हॅन्सन. आज दक्षिण आल्बर्टात पिकलेलं टिमथी दाबून, गाठी बांधून जपानपर्यंत जातं.

या गवतांच्या जोडीला शेंगवर्गीय चारा पेरतात. त्यांचा राजा अल्फाल्फा, म्हणजे आपलं लसूणघास. पश्चिम महाराष्ट्रात कुणी त्याला मेथीघास म्हणतं. शिवाय रेड क्लोव्हर, जो आपल्या बरसीमचा भाऊबंद. ही झाडं मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. म्हणून गवत आणि अल्फाल्फा मिसळून पेरलं की युरियाचा खर्च कमी होतो आणि चाऱ्यातली प्रथिनं वाढतात.

आता मुख्य प्रश्न: गवत कापायचं कधी?

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. दिवस जातील तसं गवत उंच होतं, म्हणजे वजन वाढतं. पण त्याच दिवसांत खोड कडक होतं, आणि चाऱ्याचा कस उतरतो. कळीवर असताना कापलेल्या अल्फाल्फात साधारण २० टक्के प्रथिनं असतात. पूर्ण फुलोऱ्यावर गेल्यावर ती १५ टक्क्यांच्या आसपास येतात. गवतांचं तर आणखी लवकर होतं. आपल्याकडे ज्वारी 'पोटरीत आली' म्हणतात ना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात आहे, तीच अवस्था इथल्या गवतांच्या कापणीसाठी उत्तम. लोंबी बाहेर पडून बी धरलं की गवत दिसायला भरघोस आणि खायला काडी. आपल्याकडे कुसळीचं कुसळ टोचायला लागलं की गुराखी ती टाळायचा; कारण तेच.

म्हणून दक्षिण ओंटॅरिओत दुभत्या गायींसाठी चारा करणारे पहिली कापणी मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात करतात, आणि मग दर महिन्या-सव्वा महिन्याला पुढची. मांसासाठी गायी पाळणारे जरा थांबतात, कारण त्यांच्या जनावरांना एवढा कस लागत नाही आणि त्यांना वजन हवं असतं. तुमचं शेत जो कापतो तो कुणासाठी कापतो, हे विचारलं की तो कधी येईल याचं उत्तर आपोआप मिळतं.

कापणीची उंचीही महत्त्वाची. अल्फाल्फा सात-आठ सेंटिमीटर ठेवून कापलं तरी चालतं, कारण त्याची शिदोरी मुळांत असते. टिमथी आणि ऑर्चर्ड ग्रास यांची शिदोरी खोडाच्या बुंध्याशी असते. ते जमिनीला घासून कापलं तर त्याची पुंजीच कापली जाते. दहा सेंटिमीटर ठेवा. त्या तीन सेंटिमीटरच्या मोहापायी पुढची कापणी मार खाते.

(छोटा संगीत-विराम)

कापलं, आता वाळवायचं. एक छोटा हिशेब करू. एक टन वाळलेलं गवत, त्यात १५ टक्के पाणी. म्हणजे ८५० किलो कोरडा भाग. उभ्या गवतात मात्र ८० टक्के पाणी असतं. तेवढ्याच ८५० किलो कोरड्या भागासाठी शेतात ४,२५० किलो हिरवं गवत कापावं लागतं. उरलेलं ३,२५० किलो पाणी कुठे गेलं? हवेत. प्रत्येक टनामागे सव्वातीन टन पाणी ऊन-वाऱ्यानं उडवायचं, तेही तीन-चार दिवसांत, आणि मधे पाऊस न येता. गवताची शेती म्हणजे खरं तर ही शर्यत.

ती जिंकण्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. कापणी यंत्राला जोडलेले रोलर खोड चेपतात, म्हणजे जाड काडीतलं पाणी पानाच्या बरोबरीनं सुटतं. कापलेलं गवत रुंद पसरतात. अरुंद ढीग वरून वाळतो आणि खाली उबतो. मग टेडर नावाचं यंत्र ते उलटसुलट करतं. शेवटी रेकनं ओळी लावतात. पण अल्फाल्फाच्या बाबतीत इथे घाई आणि उशीर दोन्ही नडतात. त्याची बहुतेक प्रथिनं पानांत असतात, आणि पान काडीच्या आधी वाळतं. भर दुपारी, करकरीत वाळलेल्या अल्फाल्फावर रेक फिरवला तर पानं झडून मातीत जातात आणि गठ्ठ्यात काड्या उरतात. म्हणून ओळी लावायचं काम थोडी ओल असताना, सकाळी दव पूर्ण उडण्याआधी करतात. आपल्याकडे तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या काढणीला पहाटेच का जातात, हे ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पावसाचा अंदाज धड नसेल तर दुसरी वाट आहे, आणि तिथे ते पांढरे मार्शमॅलो येतात. ते म्हणजे मूरघास. गवतात अर्धं पाणी शिल्लक असताना, साधारण ४५ ते ५५ टक्के, गठ्ठा बांधायचा आणि चोवीस तासांच्या आत प्लॅस्टिकच्या किमान सहा थरांनी गुंडाळायचा. आत हवा नाही, त्यामुळे आंबवणारे जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि चारा लोणच्यासारखा टिकतो. तीन-चार कोरड्या दिवसांऐवजी एक-दीड दिवसात काम भागतं. मात्र प्लॅस्टिकला एक भोक पडलं, पक्ष्यानं चोच मारली किंवा उंदरानं कुरतडलं, की आत बुरशी. भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावायची. आणि घोडे असतील तर जास्त सावध राहा. बिघडलेल्या मूरघासातलं बोटुलिझमचं विष घोड्याला गायीपेक्षा फार लवकर मारतं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट: आग.

"ओलं गवत गंजीत घालू नये," हे आपल्या आजोबांनी सांगितलेलं असतं; का, ते क्वचितच सांगितलेलं असतं. कापलेलं गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, सोबत बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, आणि या सगळ्यांतून उष्णता निघते. गठ्ठा कोरडा असेल तर ती थोडी असते आणि निघून जाते. गठ्ठा ओला असेल, आणि वर आणखी शंभर गठ्ठे रचलेले असतील, तर उष्णता आतच कोंडते. तापमान ६५-७० अंशांच्या पुढे गेलं की जिवाणू मरतात, पण तोपर्यंत रासायनिक क्रिया सुरू झालेली असते, आणि ती स्वतःच स्वतःला तापवत नेते. ठिणगी लागत नाही, सिगारेट लागत नाही. गंजी आतून पेटते. हा धोका गठ्ठे बांधल्यापासून पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत सर्वात जास्त असतो. म्हणजे जूनचं गवत आणि जुलैची आग.

प्रमाण लक्षात ठेवा. छोट्या चौकोनी गठ्ठ्यात ओल १८ टक्क्यांच्या खाली हवी. मोठ्या गोल गठ्ठ्यात १५-१६ टक्के, आणि मोठ्या, घट्ट दाबलेल्या चौकोनी गठ्ठ्यात १५ पेक्षाही कमी. गठ्ठा जेवढा मोठा आणि घट्ट, तेवढी उष्णता बाहेर पडायला वाट कमी. ओल मोजायचं हातातलं यंत्र मिळतं, तापमान मोजायची लांब सळईही मिळते. ५० अंशांच्या आत असेल तर ठीक. ६५ अंशांवर गेलं तर रोज, मग दर काही तासांनी मोजायचं. ८० अंश म्हणजे आत आगीची तयारी झालेली आहे. अशा वेळी आधी ९११ ला फोन. आणि एक गोष्ट काटेकोर पाळा: तापलेले गठ्ठे आपल्या हातानं बाहेर ओढायला जायचं नाही. आत हवा शिरताच ते भडकतात. गंजीवर चढायचंही नाही. आतून जळून पोकळ झालेली असली तर माणूस थेट आत जातो.

तुमच्या बार्नमध्ये शेजारी त्याचे गठ्ठे ठेवत असेल, तर ही सगळी माहिती त्याच्याइतकीच तुमची गरज आहे. बार्न तुमचा आहे. त्यात दुसऱ्याचं गवत आहे हे तुमच्या विमा कंपनीला माहीत आहे का? आधी कळवा, लेखी कळवा.

साठवणीचा आणखी एक हिशेब. गोल गठ्ठे बऱ्याचदा उघड्यावर, थेट मातीवर पडलेले दिसतात. "वरचा थोडा भाग खराब होतो," असं म्हणतात. थोडा म्हणजे किती? पाच फूट व्यासाचा गठ्ठा घ्या. बाहेरचा फक्त सहा इंचांचा थर खराब झाला असं समजा. साठ इंचांतून दोन्ही बाजूंचे मिळून बारा गेले, उरले अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसचा वर्ग भागिले साठचा वर्ग म्हणजे ०.६४. सहा इंचांच्या थरात गठ्ठ्याचा छत्तीस टक्के भाग असतो! चार फुटी गठ्ठ्यात तर हाच थर चव्वेचाळीस टक्के होतो. आता ताडपत्री, खडीचा थर किंवा जुनी लाकडी पॅलेट महाग वाटते का ते ठरवा.

जनावरं पाळायचा विचार असेल तर हिवाळ्याची वैरण आधी मोजा. ६०० किलोची गाय रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे १५ किलो. इथला खाऊ घालण्याचा हंगाम सुमारे २०० दिवसांचा, ऑक्टोबरच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. झाले ३,००० किलो. गवतात १५ टक्के पाणी धरलं तर ३,५३० किलो गवत. खाताना तुडवून, सांडून आणखी १५ टक्के वाया जातं असं धरा: ४,१५० किलो. गोल गठ्ठा ४०० किलोचा असेल तर एका गायीला साडेदहा गठ्ठे. पाच गायींना बावन्न-त्रेपन्न. ही मोजणी जुलैत करायची, कारण जुलैत गवत स्वस्त असतं आणि फेब्रुवारीत विकणारा भाव सांगतो.

आणि कधी कधी भाव देऊनही गवत मिळत नाही. २००२ साली प्रेअरी प्रांतांत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा ओटावा परिसरातल्या शेतकऱ्यांनी 'हे वेस्ट' नावाची मोहीम सुरू केली आणि पूर्वेचं गवत रेल्वेनं पश्चिमेला गेलं. २०१२ साली ओंटॅरिओ आणि क्वेबेकमध्ये पाऊस दगावला, तेव्हा पश्चिमेच्या शेतकऱ्यांनी 'हे ईस्ट' म्हणून परतफेड केली. २०२१ च्या पश्चिमेतल्या दुष्काळात पुन्हा पूर्वेकडून मदत गेली. आपण २०१२-१३ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये मराठवाड्यात आणि माणदेशात चारा छावण्या पाहिल्या आहेत. तिथे जनावरं चाऱ्याकडे नेली, इथे चारा जनावरांकडे नेला. दावणीला बांधलेल्या जनावराला वैरण नाही, ही अवस्था दोन्हीकडे सारखीच.

(छोटा संगीत-विराम)

आता कुरणाकडे येऊ. गवत यंत्रानं कापण्यापेक्षा जनावरानंच कापलेलं स्वस्त. पण मोकळ्या कुरणात गुरं सोडली आणि महिनाभर तिथेच ठेवली की कुरण संपतं. का संपतं, ते फ्रान्सच्या आंद्रे व्वाझाँ यांनी १९५० च्या दशकात नीट मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुरणाचा नाश जनावरांच्या संख्येपेक्षा वेळेमुळे होतो. गाय एक रोप खाते. चार-पाच दिवसांत त्याला कोवळा फुटवा येतो. तो फुटवा सर्वात गोड, म्हणून गाय परत येऊन तोच खाते. रोपाची साठवलेली शक्ती त्या फुटव्यात खर्च झालेली असते आणि मिळकत काहीच नाही. दोन-तीनदा असं झालं की ते रोप मरतं, आणि गायीला न आवडणारं तण शेजारी फोफावतं.

उपाय: कुरणाचे तुकडे करा. तात्पुरत्या विजेच्या तारेनं आठ-दहा भाग पाडता येतात. गवत वीस-पंचवीस सेंटिमीटर झालं की गुरं आत, आठ-दहा सेंटिमीटर उरलं की बाहेर. मग त्या तुकड्याला विश्रांती. मे-जूनमध्ये तीन आठवडे पुरतात. जुलै-ऑगस्टच्या मंदीत पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून कॅलेंडर बघून गुरं हलवू नका, गवत बघून हलवा. वसंतात गवत इतकं वेगानं येतं की गुरांना पुरून उरतं. तेव्हा दोन-तीन तुकडे बाजूला काढून त्यांचं गवत वाळवायचं, आणि उन्हाळ्यात तेच तुकडे चराईला उघडायचे.

हिवरे बाजारच्या गावकऱ्यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा डोंगर पुन्हा गवतानं भरला. गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं, हा तिथला नियम. तत्त्व तेच: गवताला परत यायला वेळ द्या. इथे तार तो वेळ देते, तिथे गावानं मिळून दिला.

अल्फाल्फाच्या कुरणात एक धोका असतो, पोटफुगीचा. उपाशी गायी दव असलेल्या कोवळ्या अल्फाल्फात सोडल्या तर पोटात फेस होतो, वायू अडकतो आणि काही तासांत जनावर दगावू शकतं. आधी वाळलं गवत खाऊ घालून, दव उडाल्यावरच सोडायचं, आणि पेरतानाच निम्मं तरी गवत मिसळायचं. बर्ड्सफूट ट्रेफॉइलमध्ये टॅनिन असल्यानं त्यापासून पोट फुगत नाही. कायमच्या कुरणासाठी ते चांगलं.

शरद ऋतूत हाताला आवर घालावा लागतो. सप्टेंबरमध्ये अल्फाल्फा पुन्हा गुडघ्याला लागतं, हवा छान असते, कापायचा मोह होतो. पण कडक थंडीच्या आधीचे सहा आठवडे हे झाड पानांतून साखर करून मुळांत भरत असतं. त्या काळात कापलं तर ते पुन्हा पानं फोडतं, साठा खर्च होतो, आणि रिकाम्या मुळांनी ते हिवाळ्यात शिरतं. मार्च-एप्रिलमध्ये शेतात टकले पट्टे दिसतात, ते बरेचदा सप्टेंबरचे. शिवाय उभे राहिलेले खुंट बर्फ धरून ठेवतात, आणि बर्फ हे मुळांचं पांघरूण असतं.

तीन-चार वर्षांनी अल्फाल्फा विरळ होतं. एक चौरस फुटात ५५ च्या वर काड्या असतील तर पीक भरात आहे. ४० च्या खाली आल्या तर मोडायची वेळ झाली. विरळ जागी पुन्हा अल्फाल्फाच पेरून उपयोग नाही, कारण जुनी झाडं जमिनीत असे पदार्थ सोडतात जे त्याच जातीच्या नव्या रोपांना वाढू देत नाहीत. तिथे मका घ्या. मोडलेलं अल्फाल्फा पुढच्या पिकाला हेक्टरी सुमारे १०० किलो नायट्रोजन देऊन जातं.

आता तो 'फुकटात शेत साफ'वाला करार. प्रत्येक टन वाळलेल्या अल्फाल्फाबरोबर शेतातून साधारण २५ किलो पोटॅश आणि सहा-सात किलो फॉस्फेट बाहेर जातं. एकरी तीन टन गवत निघालं तर वर्षाला ७५ किलो पोटॅश. वीस एकर असतील तर १,५०० किलो. शेजारी ते गवत आपल्या गोठ्यात नेतो, शेण त्याच्या शेतावर पडतं. पाच-सात वर्षांनी त्याचं शेत सुधारतं आणि तुमच्या शेतात तण उरतं. यात तो लबाड आहे असं मुळीच नाही. तुम्ही मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. गवत विकणं म्हणजे थोडी थोडी माती विकणं. भाव ठरवताना ती किंमत धरा.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हिशेब एकांगी होईल. ओंटॅरिओत शेती म्हणून नोंदलेल्या जमिनीवर पालिकेचा मालमत्ता कर निवासी दराच्या जास्तीत जास्त २५ टक्के लागतो. घर आणि त्याखालचा एक एकर निवासी दरानंच. त्यासाठी जमीन खरोखर शेतीसाठी वापरली जायला हवी आणि ती कसणाऱ्याकडे शेती-व्यवसायाचा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक मिळायला वर्षाचं एकूण शेती-उत्पन्न ७,००० डॉलर लागतं. स्वतः एवढं उत्पन्न नसलं तरी, तुमची जमीन कसणाऱ्या भाडेकरू शेतकऱ्याचा क्रमांक चालतो. म्हणजे तो शेजारी तुमचा कर वाचवतो आहे. त्यालाही काही देणं लागतं, आणि तुम्हालाही. म्हणूनच तोंडी नको, लेखी करा. चालू नियम नोंदणी करणाऱ्या अ‍ॅग्रिकॉर्पकडून आणि तुमच्या पालिकेकडून तपासून घ्या.

लेखी करारात काय असावं? दर तीन वर्षांनी माती परीक्षण, आणि जेवढं पोटॅश-फॉस्फेट जातं तेवढं खतानं किंवा शेणानं परत. सप्टेंबरमधली कापणी नाही. ओल्या जमिनीवर जड यंत्र नाही. बार्नमध्ये गठ्ठे ठेवायचे असतील तर ओल मोजून, आणि पहिले सहा आठवडे तापमान बघून. करार किमान तीन-चार वर्षांचा करा. एक वर्षाच्या करारावर कुणीही शहाणा माणूस दुसऱ्याच्या जमिनीत खत टाकणार नाही.

आणखी एक भाडेकरू या शेतात असतो, तो भाडं देत नाही. बोबोलिंक नावाचा छोटा काळा-पांढरा पक्षी दक्षिण अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून येतो आणि आपल्या गवतात, जमिनीवर घरटं करतो. पिल्लं उडायला जुलै उजाडतो. पहिली कापणी जूनमध्ये होते. ओंटॅरिओनं २०१० मध्ये त्याला धोक्यातला पक्षी ठरवलं. विदर्भात पावसाळी गवतात घरटं करणाऱ्या तणमोराची गोष्ट याहून वेगळी नाही. दुभत्या गायींच्या शेतकऱ्याला जुलैच्या मध्यापर्यंत थांबणं परवडत नाही, हे वर पाहिलंच. पण ज्याच्याकडे जनावरं नाहीत आणि उत्पन्नाची घाई नाही, तो शेताचा एखादा कोपरा, शक्यतो मधला आणि झाडांपासून दूरचा, जुलैच्या मध्यानंतर कापायला सांगू शकतो. तिथलं उशिराचं गवत काही प्रकारच्या घोड्यांना आणि भाकड गायींना चालतं.

तर मंडळी, तुमच्याकडे अशी जमीन असेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. शेतात जाऊन बघा, गवत पोटरीत आहे की बी धरलंय. एक फुटी चौकोन आखून अल्फाल्फाच्या काड्या मोजा, पाच ठिकाणी. आणि शेजाऱ्याला चहाला बोलावून विचारा की गेल्या पाच वर्षांत या शेतात काय घातलं. तो नीट सांगेल. शेतकऱ्याला हा प्रश्न विचारलेला आवडतो. जमीन नसेल, तर पुढच्या वेळी रस्त्यात मार्शमॅलो दिसले की मुलांना सांगा, आत लोणचं आहे, गायींचं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.